ताकद शाबूत, अंदाज गायब: लहान मेंदूच्या झटक्यातून बाहेर येताना

अर्धांगवायू म्हटलं की तोंड वाकडं झालेलं, एक हात लुळा पडलेला, असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. माझं तसं काहीच झालं नाही. सकाळी उठलो तर घर गरगर फिरत होतं, उलट्या थांबेनात आणि बाथरूमकडे जाताना मी उजवीकडच्या भिंतीवर जाऊन आदळलो. घरच्यांचं निदान तयार होतं: पित्त! जवळच्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिलं, डोक्याचा सीटी स्कॅनही झाला आणि तो नॉर्मल आला.

तो नॉर्मल येण्यात नवल नव्हतं, हे नंतर कळलं. लहान मेंदू डोक्याच्या मागे, तळाशी, जाड हाडांच्या बेचक्यात बसलेला असतो. रक्तपुरवठा तुटल्यावर पहिल्या काही तासांत तिथलं नुकसान सीटीवर बऱ्याचदा दिसत नाही. मोठ्या हॉस्पिटलमधल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी आधी मला उठून बसायला सांगितलं. आधाराशिवाय बसताच येईना. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून, त्यांच्या नाकाकडे बघायला सांगून, मान झटकन वळवली. कानाच्या आतल्या बिघाडाची चक्कर असती, तर नजर आधी निसटली असती आणि मग उडी मारून परत आली असती. माझी नजर नाकावरच टिकली. मला वाटलं, पास झालो. डॉक्टर म्हणाले, "हेच नको होतं. एमआरआय करू."

एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या उजव्या भागात झटका दिसला. पहिले काही दिवस आयसीयूत काढले, कारण तिथे सूज आली तर पुढच्या ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या देठावर, दाब येतो, मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. माझ्यावर ती आली नाही.

आमच्या मेहुण्यांचा प्रश्न रास्त होता: "उजव्या बाजूला झटका आला, तर डावी बाजू जायला हवी ना?" मोठ्या मेंदूचं तसं असतं खरं. पण लहान मेंदूतून निघालेला निरोप एकदा बाजू ओलांडून मोठ्या मेंदूकडे जातो आणि तिथून शरीराकडे येताना पुन्हा ओलांडतो. दोनदा ओलांडल्यामुळे हिशेब जुळतो. उजवा लहान मेंदू, उजवाच हात.

आणि त्या हाताची ताकद पुरेपूर होती. फायलीत रोज पाचपैकी पाच लिहिलं जायचं, पण शर्टाचं बटण लागत नव्हतं. नाकाला बोट लावायला सांगितलं की डावं सरळ यायचं. उजवं निघायचं नीट, पण नाक जवळ येईल तसं थरथरायचं आणि शेवटी चष्म्यावर आपटायचं. जीभही जड. शेजारच्या काकांना मी घेतलीये असंच वाटलं. तशी त्यांची शंका अगदीच गैर नव्हती, दारूसुद्धा याच भागाला गाठते. परदेशात पोलीस लोकांना सरळ रेषेवर चालायला लावतात, ती परीक्षा बरीचशी लहान मेंदूचीच.

खरी उमज पडली ती फिजिओ मॅडममुळे. त्यांनी डिस्चार्ज कार्डच्या मागे चित्र काढून दाखवलं. मधली पट्टी, वर्मिस, धड सांभाळते. माझं बसणं ढळलं ते तिला धक्का लागल्यामुळे. दोन्ही बाजूंचे गोलार्ध हातापायांच्या नेमक्या हालचाली बघतात. खालचा एक छोटा, सगळ्यांत जुना भाग कानातला तोल आणि डोळ्यांची हालचाल जुळवतो. आकाराने अख्खा लहान मेंदू एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण 2009 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या, तेव्हा मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज इथेच निघाल्या.

मला सगळ्यांत भावल्या त्या पुर्किन्ये पेशी. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 1837 मध्ये त्यांचं वर्णन केलं. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा निरोप फक्त याच पेशी देतात आणि तो नेहमी रोखणाराच असतो. म्हणजे माझा ब्रेक बिघडला होता, इंजिन धडधाकट होतं. मॅडम माझा वाकवलेला हात ओढून धरायच्या आणि एकदम सोडायच्या. डावा जागीच थांबायचा. उजवा थेट माझ्याच तोंडावर यायचा, म्हणून त्या मध्ये आपला तळवा धरून ठेवायच्या.

प्रत्येक पुर्किन्ये पेशीला वर चढत जाणारा एकच धागा खालून येऊन वेढतो आणि 'नेम चुकला' ही खबर त्यावरून येते, असं मानतात. त्या खबरेमुळे चुकीच्या जोडण्या सैल पडतात, हे जपानच्या मासाओ इतो यांनी दाखवलं. मॅडम माझा हात धरून नाकाला का लावत नाहीत, हे तेव्हा कळलं. हात आपला आपण गेला पाहिजे, चुकला पाहिजे आणि चुकलेलं मला दिसलं पाहिजे.

मग मी घरचा कॅरम काढला. बोरिक पावडर मारली, एक सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी ठेवली. स्ट्रायकर एकतर निम्म्यात थांबायचा, नाहीतर फ्रेमवरून उडून सोफ्याखाली जायचा. ही चिडायची, पण दरवेळी वाकून काढून द्यायची. सोंगटी तीच, जागा तीच, फक्त जोर बदलायचा. हळूहळू स्ट्रायकर बोर्डावर राहू लागला, पण प्रत्येक शॉटआधी मनात आकडेमोड करावी लागे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासलं होतं. त्यांच्या एका रुग्णाची तक्रारही हीच होती: चांगला हात आपोआप चालतो, दुसऱ्याची हालचाल विचार करून करावी लागते. पुढे मॅडमनी खेळताना भाजीचा हिशेब बोलायला लावला. तोंड चालू असताना सोंगटी गेली, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

चालणं फरशीच्या रेघेवरून सुधारलं: टाचेला चवडा लावून, आधी भिंतीला हात ठेवून, नंतर न ठेवता. अंधारात आजही जपून जातो. चहा स्टीलच्या जड पेल्यात, अर्धाच घेतो. जड भांडं माझ्या हातात कमी हलतं. बटणं लागतात. अक्षर मात्र मोठं झालंय, सही चौकटीत मावत नाही. दोन चेक परत आल्यावर बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना देऊन आलो.