वळकटीतली वही

दर डिसेंबरात कुणी ना कुणी मला डायरी देतं. शाळेत बाईंनी ‘रोज पाच ओळी इंग्रजीत लिहा, भाषा सुधारेल’ असं बजावलं होतं, ते अजून अंगात मुरलेलं. त्यामुळे १ जानेवारीला वळणदार इंग्रजीत सुरुवात होते आणि ९ तारखेपर्यंत सगळा उत्साह संपतो. म्हणूनच जोसेफ जेंकिन्स या वेल्श माणसाबद्दल मला आदर थोडा आणि असूया फार वाटते. त्याने १८३९ साली रोजनिशी सुरू केली आणि १८९८ साली मरेपर्यंत ती सोडली नाही.

बाकी बरंच काही सोडलं. वेल्समधल्या ट्रेगॅरनजवळ तो शेती करायचा. शेतकरी म्हणून पंचक्रोशीत त्याच्या शब्दाला वजन होतं. तरी १८६८ च्या डिसेंबरात, पन्नाशीला आलेला हा गृहस्थ बायको, मुलं, गुरंढोरं तिथेच ठेवून ऑस्ट्रेलियाच्या जहाजात बसला. घरातल्या कटकटी होत्या, दारू होती. नेमकं काय झालं यावर जाणकार अजून वाद घालतात. परक्याच्या संसारात, तेही दीडशे वर्षांनी, डोकावू नये. पण रोजनिशी वाचायची म्हणजे दुसरं काय करायचं?

मार्च १८६९ मध्ये तो मेलबर्नला उतरला आणि तिथल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या वाटा तुडवू लागला. पांघरुणाची वळकटी पाठीवर टाकून शेतोशेती काम मागत हिंडणाऱ्या मजुराला तिकडे स्वॅगमन म्हणतात. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतो ना आपण, अगदी तसंच. काल ज्याच्या हाताखाली गडी राबत होते तो आज दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून ‘काम आहे का’ विचारतोय. कापणीही तिकडे ऐन नाताळाच्या सुमारास, रणरणत्या उन्हात. दिवसभर अशी मजुरी करून हा माणूस रात्री वही उघडायचा: हवा, पीक, मजुरी, मालकांचे स्वभाव. जमिनीचा कस नुसता ओरबाडून घेणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांवर तर तो चांगलाच घसरायचा. मजूर झाला तरी आतला शेतकरी गप्प बसत नव्हता.

आणि हे सगळं इंग्रजीत! मातृभाषा वेल्श, शाळा जेमतेम. इंग्रजी सुधारावं म्हणून तो लिहीत राहिला. हे कळलं तेव्हा मला आमच्या बाई आठवल्या. मात्र १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, बॅलरॅटला वेल्श मंडळींचा काव्यसोहळा भरायचा, तिथे तो वेल्शच लिहायचा. एंगलिन नावाचा छंद: चार ओळी, तीस अक्षरं, वर यमक आणि व्यंजनांची ठरलेली आवर्तनं. एका अक्षराचीही सूट नाही. या छंदात तो वर्षामागून वर्ष बक्षीस मारायचा. मजुरीचा हिशोब शिकलेल्या भाषेत आणि गाणं आईच्या भाषेत, अशी वाटणी त्याने बहुधा ठरवून केली नसेल.

उतारवयात माल्डन गावात त्याला रस्ते आणि गटारं साफ ठेवायचं काम मिळालं. १८९४ मध्ये, पंचवीस वर्षांनी, तो घरी परतला. उंबऱ्यात काय बोलणं झालं असेल, या विचारानेच मला अवघडल्यासारखं होतं. चार वर्षांत तो गेला. वह्या कित्येक दशकं पोटमाळ्यावर पडून होत्या. मग वारसांच्या हाती लागल्या, नातवाने त्यांतून निवडून पुस्तक काढलं, आणि व्हिक्टोरियातली शाळकरी मुलंसुद्धा ते अभ्यासू लागली. ऑस्ट्रेलियातल्या त्या मूळ वह्या आता मेलबर्नच्या सरकारी ग्रंथालयात आहेत. म्हणजे धनी घरी परतला आणि वह्या पुन्हा समुद्र ओलांडून गेल्या.

माझी यंदाची डायरी फ्रीजवर आहे. ९ जानेवारीपर्यंत इंग्रजी. १० जानेवारीच्या पानावर: तूरडाळ २ किलो, जाडा रवा, खोबरं, काडेपेटी.