तारखेआधीची शिंक

आमच्या घरात सध्या शिंकायला बंदी आहे. खोकायचं असेल तर गच्चीवर, नाक शिंकरायचं असेल तर मागच्या अंगणात, आणि "घसा जरा धरलाय" हे वाक्य तर कोणी उच्चारायचंच नाही. हा कायदा मी केलेला नाही. माझ्या पोटाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि तो आपोआप लागू झाला. अंमलबजावणी बायकोकडे आहे, आणि तिच्याकडे अपील चालत नाही.

त्यातून हा इंदूरचा जानेवारी. सकाळी राजेंद्रनगरच्या रस्त्यांवर धुकं, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडू-कंदाच्या कढईभोवती झुंबड आणि ज्याच्या-त्याच्या गळ्यात मफलर. शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, पण सर्दीला त्याचं सोयरसुतक नाही. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, खोकला मात्र सगळ्यांचा एकत्र.

दुखणं थोडक्यात सांगतो, कारण भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून ते आता तोंडपाठ झालंय. मोठ्या आतड्याच्या शेवटी, गुदाशयाच्या आधी, सिग्मॉइड नावाचं एक वळण असतं. माझ्या त्या वळणाच्या भिंतीला बारीक फुगे आलेत. सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते ना, तसे. त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. फुगे असणं हा काही गुन्हा नाही. वय झालेल्या कित्येकांच्या पोटात ते असतात आणि त्यांना जन्मभर पत्ता लागत नाही. माझे मात्र भडकतात. मग डाव्या बाजूला ओटीपोटात कळ, हुडहुडी भरून ताप आणि अँटिबायोटिकचा कोर्स. असं वरचेवर व्हायला लागल्यावर सर्जन म्हणाले, तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडून टाकू. पण सुजलेल्या आतड्याला शक्यतो हात लावायचा नाही. सूज उतरल्यावर साधारण सहा आठवडे जाऊ द्यायचे आणि मग निवांत आतड्यावर निवांत काम करायचं.

मेख आहे ती या निवांतपणात. मधल्या काळात फुगे पुन्हा भडकले तर? ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा टोकं तिथल्या तिथे जोडता येतात. आतडं फुटल्यावर घाईघाईनं पोट उघडावं लागलं तर पुष्कळदा जोडत नाहीत. वरचं टोक पोटावर बाहेर काढून पिशवी लावतात. हार्टमान नावाच्या फ्रेंच सर्जननं 1921 मध्ये ही पद्धत मांडली आणि ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. भला माणूस असणार. पण रात्री दोन वाजता पोटात गुडगुडलं की तो मला उगाचच उशाशी उभा असल्याचा भास होतो. गॅस आहे, की हार्टमान आहे?

खरं तर भीती एवढीच असायला हवी होती. पण मोठ्या भीतीपाशी माणूस फार वेळ बसू शकत नाही. पोट उघडणार, आतडं कापणार, जोड टिकेल की नाही, यातलं काहीच आपल्या हातात नाही. सर्दी मात्र हातात आहे, निदान तसं वाटतं. वाफ घेता येते, कानाला रुमाल बांधता येतो, लिफ्टमध्ये कोणी खोकलं तर श्वास रोखून पुढच्या मजल्यावर उतरता येतं. म्हणून सगळी भीती हळूहळू पोटातून निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली.

मी सर्जनना विचारलंही. म्हटलं, शेजारी सगळ्यांना सर्दी आहे, मला लागली तर? ते इथलेच, माळव्यातले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अंकलजी, पड़ोस छोड़िए. जिस मोहल्ले में हमें काम करना है, उसकी सोचिए."

त्या मोहल्ल्याची लोकसंख्या मी नंतर वाचली. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात साधारण शंभर अब्ज जीवाणू असतात. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी सबंध माणसाचा हिशोब मांडला तेव्हा जीवाणू निघाले सुमारे 38 लाख कोटी आणि माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. म्हणजे मतदान झालं तर माझ्याच देहात मी विरोधी पक्षात. यातली ई. कोलायची मंडळी थिओडोर एशेरिश या डॉक्टरला 1885 मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडली. तेव्हापासून त्यांची बदनामी चालू आहे. पण आतड्याच्या आत आहेत तोवर त्यातली बहुतेक गुण्यागोविंदानं राहतात. भिंत ओलांडून पोटाच्या पोकळीत सांडली की मग तीच जिवावर उठतात. आदल्या दिवशी पावडर पिऊन आतडं धुणं, संध्याकाळी गोळ्या, सुरी लागण्याआधीच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक, हा सगळा बंदोबस्त त्या घरच्या मंडळींसाठी आहे. बाहेरून येणाऱ्या शिंकेसाठी नाही.

हे मला नीट पटलं. पटूनही मी घरी येताना मास्क लावूनच रिक्षात बसलो.

तशात संक्रांत आली. आमच्या मराठी वस्तीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा जो राबता असतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना माझी अवस्था कळेल. रामबागेतून, लोकमान्यनगरातून, सुदामानगरातून बायका येणार, ओटीत गहू-बोरं, हातात वाण आणि गळ्यात खवखव. बायकोनं या वर्षी हळदीकुंकू शेजारच्या वहिनींकडे हलवलं. पण ज्या तिकडे आल्या त्यांना "भाऊजींना भेटून जाऊ" हे सुचायचं थोडंच राहणार? एक मावशी दारातच खोकल्या आणि म्हणाल्या, "मला काही नाहीये हं, नुसतं कोरडं आहे." जगातला प्रत्येक खोकला, खोकणाऱ्याच्या मते, कोरडाच असतो. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाल्या. मी श्वास रोखून धरला होता, त्यामुळे गोड किंवा कडू, काहीच बोललो नाही. (तिळाचं म्हणाल तर डायव्हर्टिक्युलावाल्यांना बिया आणि दाणे वर्ज्य, असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले. 2008 मध्ये सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि शेंगदाणे, मका, लाह्या खाण्यानं दुखणं वाढत नसल्याचं दिसलं. एवढी वर्षं ज्यांनी चिक्की सोडली त्यांची भरपाई कोण करणार, हा प्रश्न आहेच.)

मावश्या परवडल्या. खरा धोका साडेतीन वर्षांचा आहे. नात आईबरोबर पुण्याहून आली ती प्लेस्कूलची सर्दी घेऊनच. तिला आजोबांच्या मांडीवर बसायचं असतं, आणि ती दिसली की आजोबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. भूलतज्ज्ञांनी फुप्फुसांच्या व्यायामासाठी मला तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलंय. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की निळ्या गोळ्या वर चढतात. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, मग फुप्फुसाचे कोपरे मिटतात आणि न्यूमोनियाला जागा होते, म्हणून ही आधीपासूनची तालीम. नातीच्या मते ते तिचं खेळणं आहे आणि आजोबांनी ते ढापलंय. परवा ती नळी तिच्या तोंडात दिसली तेव्हा घरात जो हलकल्लोळ झाला, तसा हल्ली भारत-पाकिस्तान सामन्यातही होत नाही. यंत्र उकळावं तर प्लॅस्टिक. शेवटी मेडिकलवाल्याकडून नवीन आणलं. जुनं आता तिच्याकडे असतं. तिसरी गोळी तिच्याकडून वर जाते, माझ्याकडून नाही.

मग लघवीचा रिपोर्ट आला. त्यात ‘पस सेल्स’ नेहमीपेक्षा चढे होते आणि समोर ठळक अक्षरात बाण. पू! ज्याची भीती होती तो कुठून तरी आत शिरलाच, असं म्हणून मी रिपोर्ट घेऊन धावलो. डॉक्टरांनी विचारलं, जळजळ आहे? नाही. ताप? नाही. सारखं जावं लागतं? या वयात कोणाला लागत नाही? मग म्हणाले, त्रास नसेल तर नुसत्या रिपोर्टला औषध द्यायचं नसतं. अशा ऑपरेशनआधी तर नाहीच. उगाच अँटिबायोटिक मारलं तर जे जंतू उरतील ते जास्त मुजोर. मला हे फार अपमानास्पद वाटलं. एवढा बाण आलेला असताना काहीच करायचं नाही?

आईला मात्र काहीतरी करायचं असतंच. ती चौऱ्याऐंशीची आहे, आणि सगळे आजार थंडीतून येतात हा तिचा सिद्धांत. हळद-दूध, सुंठ, ओव्याची पुरचुंडी आणि कानटोपी. मी साठीच्या उंबरठ्यावर कानटोपी घालून हॉलमध्ये बसतो, आणि भेटायला आलेल्यांना आजार मेंदूचा वाटतो. पण यात एक गंमत आहे. 1847 मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं इतर डॉक्टरांना हात धुवायला लावले ते व्हिएन्नात. त्याच व्हिएन्नातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 1996 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो नेमका मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवर. दोनशे रुग्ण. निम्म्यांना ऑपरेशनच्या वेळी उबदार ठेवलं, बाकीच्यांचं अंग नेहमीसारखं गार पडू दिलं, साधारण दोन अंश सेल्सियसनी. गार पडलेल्यांत जखम चिघळली 19 टक्के लोकांची, उबेतल्यांत 6 टक्के. गारठ्यानं कातडीकडचं रक्त कमी होतं आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे धड पोचत नाहीत. म्हणून आता थिएटरमध्ये गरम हवेची पांघरुणं असतात. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कळायला त्यांना दोनशे माणसं लागली?" आणि टोपीची नाडी आणखी घट्ट केली.

एकट्याच्या वेळी मी दुसरंही वाचतो. सुश्रुतानं फाटलेल्या आतड्यासाठी सांगितलंय की कडा जुळवून त्यावर काळ्या मुंग्या डसवाव्यात. चावा बसला की धड काढून मुंडकी तशीच ठेवावीत, आतडं आत सारावं आणि पोट शिवावं. जंतू मारणारं लिस्टरचं कार्बोलिक यायचं होतं ते 1867 मध्ये. भूल म्हणून मद्य. आणि तरी कोणीतरी त्या फळीवर आडवं झालंच असेल. त्याच्याही घरचे त्याला म्हणाले असतील का, की बाबा, वाऱ्यावर बसू नकोस, सर्दी होईल? माझ्या नशिबी टायटॅनियमच्या पिनांचा स्टेपलर आहे आणि मी पावसाळी किडे मोजावेत तशा शिंका मोजतोय.

एका रात्री अंग जरा कोमट वाटलं. थर्मामीटर आता माझ्या उशाखालीच असतो. पारा वर चढताना बघत होतो आणि अचानक लक्षात आलं, की मला तो चढायला हवाय. थोडासाच. शंभरच्या जरा वर. ताप आला, छातीत कफ झाला की भूलतज्ज्ञ नको म्हणतात. सर्दी-खोकल्यानंतर श्वासनळ्या काही आठवडे चिडचिड्या राहतात म्हणून तारीख पुढे ढकलतात. कोणी मला भित्रा म्हणणार नाही. मी आनंदानं तयार होतो, शिंकेनं घोटाळा केला. इतके दिवस जिच्यापासून पळत होतो तिची मी मनातल्या मनात वाटही बघत होतो. शाळेत गणिताच्या पेपरच्या सकाळी पोटात दुखायचं ते याच जातीचं.

पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला. बायको अंधारातच म्हणाली, "नाही ना आला?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

मी गप्प राहिलो. "अहो, ढकलली तारीख तरी फुगे काही गावाला जाणार नाहीत," असं म्हणून ती कुशीवर वळली. तिला किती दिवसांपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

आज दुपारी हॉस्पिटलमधल्या एका मुलीचा फोन आला. ताप, खोकला, नवीन काही? काहीच नाही. पोटावरचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, ब्लेडच्या ओरखड्यांत जंतू घर करतात, लागलं तर इथे मशीननं काढू. बरं. दोन दिवस साल-चोथ्याचं काही नको, मऊ भात चालेल. पोहे? नाही. सेव? नाही. शेवटच्या दिवशी फक्त पाण्यासारखं पातळ, आणि संध्याकाळपासून दोन लिटर पाण्यात ती पावडर, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास.

"फ्लेवर कौन सा भेजूँ अंकल, ऑरेंज या लेमन?"

मी विचारलं, त्यात थोडं जिरावण, आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, टाकलं तर चालेल का?

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती अगदी मनापासून म्हणाली, "एक मिनट अंकल, सर से पूछ के बताती हूँ."