आमची वाटचाल : आमचा डबा मोठा का असतो

सेंट्रल एसीचे कंट्रोल पॅनल, म्हणजे एसी चालवणारी विजेची उपकरणं बसवलेले पत्र्याचे डबे, बनवायचं काम आम्ही सोलापुरात करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गाळ्यात. बाहेरून तयार डबा आणून वर आपलं स्टिकर डकवणाऱ्यांतले आम्ही नाही. माउंटिंग प्लेटला भोकं पाडण्यापासून वायरीवर शेवटचं फेरूल (नंबराची बारीक नळी) घालेपर्यंत सगळं इथंच होतं. हे सांगताना छाती थोडी फुगते, तर फुगू द्या.

सुरुवात झाली मामांमुळे. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते. नरसिंग गिरजी मिलमध्ये वायरमन होते, गिरणी बंद पडली आणि घरी बसले. माझ्याकडे डिप्लोमा होता, हात नव्हता. भागीदारी ठरली ती चहाच्या टपरीवर, कागद बिगद काही नाही. मामांचा रॅचेटवाला क्रिम्पिंग टूल आजही गाळ्यात आहे, मुठीवरचं लाल प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत झालंय. तो पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही, त्यामुळे लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोक, अर्धवट दाबला जायची सोय नाही. पक्कडीनं लग चेपणाऱ्या पोराला मामा सरळ उन्हात उभं करायचे. प्रत्येक वायर ओढून बघायचे. पॉवरच्या वायरी डाव्या चॅनेलमधून, सेन्सरच्या उजव्या. एकमेकींना ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. दोन्ही शेजारी बांधल्या की ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) विजेच्या गोंगाटानं थर्मिस्टरचं, म्हणजे तापमानाच्या सेन्सरचं, रीडिंग नाचतं, आणि मग पोरं उगाच सेन्सर बदलत बसतात.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. बँका, दवाखाने, दोन-तीन मंगल कार्यालयं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आलं 2017. विजापूर रोडकडच्या एका मंगल कार्यालयाचं काम एका एसी कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. एका पॅनलमध्ये 7.5 किलोवॅटचे दोन ब्लोअर ड्राइव्ह. ड्राइव्हमधून जाणाऱ्या पॉवरपैकी साधारण तीन टक्के उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे दोन्ही मिळून 450 वॅट, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) आणि ट्रान्सफॉर्मर वेगळे. तेवढी उष्णता बाहेर काढायची म्हणून खाली फिल्टरची जाळी, वर एक्झॉस्ट पंखा, ड्राइव्हच्या वरखाली 100 मिलिमीटर मोकळी जागा. ही मोकळी जागा बघूनच कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, ‘‘एवढा रिकामा डबा कशाला? पत्र्याचे पैसे लावता काय?’’

ऐन मे महिन्यात, पारा 43-44 ला, लग्न लागायच्या वेळी प्लांट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा ट्रिप. नवरदेवाच्या मेकअपपासून जेवणावळीपर्यंत सगळ्याचं खापर आमच्या पॅनलवर. मी आणि मामा गच्चीवर चढलो. वर पत्र्याचं शेड, पॅनल पश्चिमेच्या भिंतीला. धूळ आणि पाली शिरतात म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांनी खालच्या जाळीवर रुंद चिकटपट्टी मारलेली. दार उघडलं तर मांडवाच्या रोषणाईच्या आणि जनरेटरच्या वायरीही आमच्याच डब्यातून नेलेल्या, केबल टायनं एक जाड मोळी करून बरोबर पंख्याच्या तोंडाशी बांधलेली. मोळीच्या आतल्या वायरी हाताला चटका देत होत्या. थर्मामीटर आत ठेवला, 61 अंश. तो ड्राइव्ह पूर्ण लोडला 40 पर्यंतचा, लोड कमी करून 50 पर्यंतचा. ट्रिप झाला म्हणून वाचला म्हणायचं.

फोटो दाखवले, पट्टी सोलून दाखवली, प्लांट चालूही झाला. तरी शिक्का बसायचा तो बसला. कॉन्ट्रॅक्टरनं पैसे अडवले आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या एका पॅनलवाल्याकडे वळवलं. त्याचा डबा आमच्यापेक्षा निम्मा, दरही कमी. आमच्याच ड्रॉइंगची झेरॉक्स होती ती, फक्त मोकळी जागा खोडलेली. त्यात जुलैत जीएसटी लागू झाला. उरलेलं बिल जुलैत फाडलेलं, पैसे आले नाहीत तरी कर आम्हालाच भरावा लागला. बँकेचा हप्ता थकला, दोन पोरं सोडून गेली. मामांनी त्या काळात पगाराचं नाव काढलं नाही.

वाचवलं अण्णांनी. अण्णांचा टॉवेलचा कारखाना. विणताना नक्षी काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या कंट्रोलसाठी त्यांना थंड खोली हवी होती. तिथं अडचण उलटी. हवेत कापसाची लव एवढी की फिल्टर बघता बघता नमद्यासारखा होतो, जाळी ठेवून उपयोग नाही. आम्ही डबा पूर्ण बंद केला, मागच्या पत्र्याला खिडकी कापून ड्राइव्हची हीटसिंक (उष्णता सोडणारा धातूचा भाग) पाठीमागं बाहेर काढली, कडेनं गॅस्केट. उष्णता बाहेर, लव पण बाहेरच. अण्णांनी दार उघडून बघितलं, एक फेरूल वाचलं, ड्रॉइंगवर तोच नंबर बोटानं शोधला. ‘‘काय ओ, सापडतंय की!’’ म्हणाले आणि पुढच्या दोन पॅनलचा ॲडव्हान्स रोख दिला. त्यावर थकलेला हप्ता गेला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पॅनल तापतोय म्हणून दार उघडून समोर टेबल फॅन लावू नका. धूळ आत जाते, कॉन्टॅक्टर खराब होतात आणि उघड्या दारात कुणाचा हात जाईल सांगता येत नाही. उन्हाळ्याआधी मेन बंद करून सगळे टर्मिनल स्क्रू आवळून घ्या. लगजवळ इन्सुलेशन तपकिरी दिसलं तर तो सांधा सैल आहे, नुसती टेप गुंडाळू नका. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतची असते, मोळी बांधली की ती मर्यादा लवकर गाठते. घरच्या इन्व्हर्टर एसीलाही हेच. बाहेरच्या युनिटवर ताडपत्री घालून एसी चालवणारे लोक आहेत आपल्याकडे, आणि मग आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं की कंपनीला शिव्या. कार्डावरच्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढलं की निम्मं होतं, त्यात कंपनी काय करणार?

मामा आता गाळ्यावर रोज येत नाहीत, आले की लग ओढून बघतातच. मंगल कार्यालयवाले मेंटेनन्ससाठी थेट आम्हालाच फोन करतात. त्या कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अजून आलेले नाहीत. त्या निम्म्या डब्यांपैकी काही मात्र दर एप्रिलमध्ये आमच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि त्यांचे पैसे आम्ही आधी घेतो.