तुम्ही विचारलंत म्हणून: हे कण एकेक करून ठेवता का?

काचेवर सोन्याचे नॅनोकण षटकोनी जाळीत बसलेत, असं सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं की हा प्रश्न येतोच. नाही, ठेवत नाही. दोन शेजाऱ्यांत 50 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतर धरलं तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 4,600 कोटी कण होतात. सेकंदाला एक ठेवायचा म्हटलं तरी चौदाशे वर्षं लागतील!

हे काम पॉलिमरकडून, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंकडून, करून घेतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइलपिरिडिन या दोन साखळ्यांचं एकमेकींशी पटत नाही. नुसत्या मिसळल्या तर त्या वेगळ्या होऊन दूर जातील. पण रासायनिक बंधाने टोकाला टोक जोडलं, तर दूर जाणार कुठे? साखळीच्या लांबीएवढंच वेगळं होता येतं. म्हणून साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरच्या अंतराने ठिपके, दंडगोल किंवा पट्टे तयार होतात. यांतलं काय होणार, हे मुख्यतः दोन तुकड्यांच्या प्रमाणावर ठरतं.

सोन्यासाठी मला सगळ्यात आवडणारी रीत अशी. हा जोडलेला पॉलिमर टोल्युइन या द्रावकात घालायचा. टोल्युइनला पॉलिस्टायरीन चालतं, दुसरा तुकडा चालत नाही. म्हणून तो आत दडतो आणि बाहेर पॉलिस्टायरीनचं आवरण असलेले गोळे होतात. सोन्याचं संयुग घातलं की ते आत दडलेल्या तुकड्यातल्या पिरिडिनला धरून गाभ्यात शिरतं. द्रावणात काच बुडवून ठरलेल्या वेगाने वर काढली, की गोळे एकाच थरात दाटीने बसतात. मग प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, पॉलिमर जाळून टाकायचा. प्रत्येक गोळ्याच्या जागी सोन्याचा एक कण उरतो. अंतर ठरतं प्रामुख्याने साखळीच्या लांबीने, कणाचा आकार संयुगाच्या मात्रेने. ज्याच्या जोरावर नक्षी उमटली तो पॉलिमर शेवटी शिल्लकच राहत नाही, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आधीच तयार केलेले कण बसवायचे असतील तर जास्त कटकट. कणावर पॉलिस्टायरीनचा लेप दिला तर तो पॉलिस्टायरीनच्या भागात जातो. दोन्ही साखळ्यांचा मिश्र लेप दिला तर सीमेवर थांबतो. कण त्या भागाच्या मानाने फार मोठा असला, तर साखळ्यांना ताण पडतो आणि नक्षी त्याला बाहेर ढकलते किंवा स्वतःच बिघडते. माझ्या मते खरं कौशल्य पॉलिमरपेक्षा या लेपातच आहे.

चित्रातली ती सुबक जाळी मात्र छोट्या चौकटीपुरती असते, हे आम्ही क्वचितच आपणहून सांगतो. चौकट मोठी केली की जाळीचे तुकडे दिसतात, प्रत्येकाची दिशा वेगळी. गरम करून किंवा द्रावकाच्या वाफेत ठेवून ते वाढवता येतात. पृष्ठभागावर आधीच चर कोरले तर साखळ्या त्यांच्या कडा धरून रांगेत येतात.

आणि याचा उपयोग काय? एकच सांगते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशाच सोन्याच्या कणांवर पेशींना धरता येईल असा रेणू लावला होता आणि मधली जागा चिकटू न देणारी केली होती. कणांमधलं अंतर 58 नॅनोमीटर होतं तिथे पेशी नीट चिकटून पसरल्या. 73 नॅनोमीटरवर त्यांना धड पकड घेता आली नाही.