तांब्याचे आहो आणि त्याभोवतीचे वाळवंट

नकाशावर पाहून आपण ज्याला ‘अजो’ म्हणू, त्या ॲरिझोनातल्या गावाच्या नावाचा उच्चार स्पॅनिश रीतीने ‘आहो’ असा होतो, हे कळल्यापासून गाडीत मागे बसलेल्या सासूबाईंना हसू आवरत नव्हते, कारण लग्न झाल्यापासून त्या सासऱ्यांना जवळजवळ याच शब्दाने हाक मारत आल्या आहेत. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ लसूण. मात्र हे नाव इथल्या मूळच्या ओओधम लोकांच्या भाषेतून, अंगाला लावायच्या रंगाच्या शब्दावरून आले असावे, असेही सांगितले जाते आणि रंगीत मातीच्या त्या टेकड्या पाहिल्यावर मला तरी हेच अधिक पटले. सांगलीकडून आलेल्या सासूसासऱ्यांना ग्रँड कॅन्यन दाखवून झाले होते. फेब्रुवारीतल्या जोडून आलेल्या सुट्टीत, फार चालावे न लागता खरे वाळवंट दिसेल अशी जागा आम्ही शोधत होतो आणि तसे ठिकाण आम्हांला मिळाले.

फीनिक्सहून आहो सुमारे 110 मैल, म्हणजे 180 किलोमीटरच्या आसपास आहे. आय-10 या महामार्गाने पश्चिमेकडे जाऊन 85 क्रमांकाचा रस्ता धरायचा, गिला बेंड ओलांडायचे आणि तसेच दक्षिणेकडे जात राहायचे. वाटेत न थांबता दोन तासांत पोहोचता येते. गिला बेंडला पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घ्यावी आणि स्वच्छतागृहाची सोयही तिथेच उरकावी, कारण पुढच्या चाळीसेक मैलांत दोन्ही बाजूंना हवाई दलाच्या सरावाचे क्षेत्र आहे आणि दुकान म्हणून काही लागत नाही. मोबाइलला रेंजही अधूनमधूनच मिळते, त्यामुळे नकाशा घरूनच उतरवून ठेवलेला बरा.

गावात शिरल्यावर पहिली नजर जाते ती चौकाकडे. पांढऱ्या कमानींच्या ओवऱ्या, मधोमध ताडांची हिरवी बाग, एका टोकाला जुने रेल्वे स्थानक, त्याच्या समोरच्या टोकाला दूरवर कर्ली शाळेची इमारत आणि बाजूला दोन पांढरीशुभ्र चर्चे, अशी ही रचना एखाद्या स्पॅनिश वसाहतीसारखी दिसत असली तरी ती 1917 च्या सुमारास एका खाण कंपनीने कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेली आहे. इथले तांबे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण अशी होती की वरच्या थरातले खनिज कमी कसाचे होते आणि ते वितळवून तांबे काढणे परवडत नव्हते. कॅल्युमेट अँड ॲरिझोना या कंपनीचे व्यवस्थापक जॉन ग्रीनवे आणि अभियंता लुई रिकेट्स यांनी ते खनिज गंधकाम्लात मुरवून त्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने तांबे वेगळे काढण्याची पद्धत इथे मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली आणि न्यू कॉर्नेलिया ही ॲरिझोनातली पहिली मोठी उघडी तांब्याची खाण ठरली. खाणीसाठी गिला बेंडपर्यंत लोहमार्ग टाकला गेला, उत्तरेला काही मैलांवर खोल विहीर खणून पाणी आणले गेले आणि कामगार टिकावेत म्हणून हे देखणे गाव वसवण्यात आले.

सासरे मूळचे पलूस तालुक्यातले. ओवरीत बसून हे सगळे ऐकताना त्यांना किर्लोस्करवाडीची आठवण येणे स्वाभाविक होते. औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर 1910 साली लक्ष्मणरावांनी कारखाना आणि वसाहत उभारली, त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या निवडुंगाच्या माळावर हे गाव उभे राहत होते. पण साम्य फार ताणून चालणार नाही. आहोची सुबक आखणी गोऱ्या कुटुंबांसाठी होती. मेक्सिकन कामगारांची वस्ती वेगळी होती, ओओधम कामगारांची त्याहून वेगळी, आणि खाण वाढत गेली तशा या दोन्ही वस्त्या पुसल्या गेल्या. ज्या वर्षी हा चौक आकार घेत होता त्याच वर्षी, 12 जुलै 1917 रोजी, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या बिस्बी या खाणगावात संपावर गेलेल्या सुमारे 1,200 कामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून देण्यात आले. त्या कारवाईत ग्रीनवे यांचाही सहभाग होता. चौकाची छायाचित्रे काढणाऱ्यांनी एवढे ठाऊक ठेवून काढावीत, असे मला वाटते. ग्रीनवे यांच्या पत्नी इझाबेला पुढे 1933 मध्ये ॲरिझोनातून अमेरिकी संसदेत गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या, हाही याच घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे.

खाण पाहण्यासाठी गावाच्या दक्षिणेच्या कडेला, कुंपणाआडून खाली डोकावता येईल अशी जागा केलेली आहे. सुमारे दीड मैल रुंद आणि 1,100 फूट खोल असा तो खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातो आणि तळाशी हिरवट निळे पाणी साचलेले दिसते. भिंतींवर गंजाचा तांबडा, फिका जांभळा आणि राखाडी रंग असे काही मिसळले आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात ते पाहायलाच हवेत. दुपारी गेलात तर सगळे एकाच रंगाचे, निस्तेज दिसते. आम्ही दोन्ही वेळा गेलो, म्हणून खात्रीने सांगते. खाणीतून उरलेल्या चुऱ्याचा पांढुरका सपाट डोंगर गावात येताना मैलभर सोबत करतो. त्याला नैसर्गिक टेकडी समजून आम्ही त्याचे कौतुकही करून बसलो होतो. 1931 मध्ये ही खाण फेल्प्स डॉज कंपनीकडे गेली, 1983 च्या जुलैमध्ये मोठा संप झाला, त्या संपात कामगार संघटना मोडून पडल्या आणि 1985 पर्यंत इथले काम पूर्णपणे थांबले. रिकाम्या झालेल्या घरांत पुढे निवृत्त मंडळी आणि कलाकार येऊन राहिले. कर्ली शाळेच्या इमारतीत आज कलाकारांची भाड्याची घरे आहेत. वस्ती जेमतेम 3,000 ची उरली आहे.

राहण्याजेवणाबद्दल स्पष्ट सांगायचे तर निवड फार थोडी आहे. हिवाळा हाच इथला हंगाम असल्याने नोव्हेंबर ते मार्चमधल्या खोल्या आधीच ठरवाव्यात. आम्ही ज्या उपाहारगृहाच्या भरवशावर गेलो होतो ते नेमके त्या दिवशी बंद निघाले आणि रात्रीचे जेवण दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि किराणा दुकानातल्या दह्यावर भागले. शाकाहारी मंडळींनी हाच बेत मुद्दाम ठेवला तरी हरकत नाही. आहोच्या दक्षिणेला दहा मैलांवर ‘व्हाय’ नावाची छोटी वस्ती आहे. तिथे 85 आणि 86 हे रस्ते इंग्रजी वाय अक्षरासारखे मिळतात. म्हणून नाव तेवढेच ठेवायचे होते, पण नावात किमान तीन अक्षरे हवीत या नियमामुळे ‘का?’ असा अर्थ होणारे नाव द्यावे लागले, अशी हकीकत तिथे ऐकायला मिळते. पेट्रोलची शेवटची खात्रीची सोय इथेच समजावी.

व्हायपासून आणखी 22 मैलांवर ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकाचे माहिती केंद्र लागते. 1937 मध्ये घोषित झालेल्या या क्षेत्राचा जवळजवळ 95 टक्के भाग 1978 पासून अस्पर्शित रान म्हणून कायद्याने राखलेला आहे. तिथे रस्ते, बांधकाम, यंत्रे यांना मज्जाव आहे. सग्वारो हा एकखांबी निवडुंग ॲरिझोनात पुष्कळ दिसतो, पण एकाच बुंध्यातून पंधरा-वीस सोट वर जाणारा ऑर्गन पाइप अमेरिकेच्या हद्दीत मुख्यतः याच परिसरात आढळतो. त्याची फुले मे-जूनमध्ये रात्री उमलतात आणि त्यांचे परागण वटवाघळे करतात. आपल्याला फेब्रुवारीत ती दिसणार नाहीत, पण ज्या महिन्यांत ती दिसतात त्या महिन्यांत इथला पारा 40 अंशांच्या घरात असतो, हा सौदा ज्याने त्याने ठरवावा.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आहो माउंटन ड्राइव्ह हा 21 मैलांचा कच्चा, बहुतांशी एकेरी फेरा सोडू नये. साधी गाडी सावकाश चालवली तर दोन तासांत हा फेरा पूर्ण होतो. 25 फुटांहून लांब वाहनांना मात्र परवानगी नाही. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर निघण्यापूर्वी केंद्रात चौकशी करावी, कारण रस्ता अनेक कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून जातो. आम्ही सकाळी आठला निघालो, जागोजागी उतरलो आणि कड्यातली एकावर एक अशी दुहेरी नैसर्गिक कमान सासूबाईंना गाडीच्या शेजारी उभे राहून पाहता आली. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी वाटेतला एस्टेस कॅन्यन ते बुल पाश्चर हा चढ जरूर करावा. माझ्या नवऱ्याने आणि मी तो आलटूनपालटून केला. वाट चुकण्यासारखी नाही, पण शेवटचा चढ सुट्या दगडांचा आहे.

चालताना भीती सापाची वाटते. मला त्रास झाला तो चोया या निवडुंगाचा. त्याचे काटेरी तुकडे किंचित धक्क्याने सुटून अंगाला चिकटतात आणि ते हाताने ओढायला गेले की हातालाच अडकतात. माझ्या पोटरीत बसलेला असा तुकडा सासूबाईंनी पर्समधली फणी त्याखाली सरकवून एका झटक्यात उडवला. तेव्हा दाते रुंद असलेली फणी आणि चिमटा जवळ बाळगावा. पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर घ्यावे, आणि तहान लागली नसली तरी प्यावे.

पश्चिमेला पसरलेले कबेझा प्रिएटा हे अभयारण्य आम्ही केवळ आहोमधल्या त्याच्या कार्यालयापुरतेच पाहिले आणि तोच निर्णय योग्य होता. 8,60,000 एकरांचे हे क्षेत्र, त्यातले आठ लाखांहून अधिक एकर 1990 पासून अस्पर्शित रान म्हणून राखलेले. आत जाण्यासाठी आधी परवाना काढावा लागतो, आणि वरून लष्करी विमानांचा सराव चालत असल्याने जबाबदारी आपलीच असल्याच्या कागदावर सहीही करावी लागते. ‘एल कमिनो देल डियाब्लो’, म्हणजे सैतानाचा रस्ता, या नावाची सुमारे 130 मैलांची जुनी वाट याच रानातून युमाकडे जाते. तिच्यावर चारही चाकांना जोर मिळणारी उंच गाडी, दोन जादा टायर आणि शक्य तर सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय पाऊल टाकू नये. इथल्या सोनोरन प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याची अमेरिकेतली संख्या 2002 च्या दुष्काळात 21 पर्यंत खाली आली होती. पुढे बंदिस्त कुरणात पैदास करून ती सावरण्यात आली. त्यांच्या विणीसाठी 15 मार्च ते 15 जुलै या काळात अभयारण्याचा बराचसा भाग बंद असतो, हे सहल आखताना लक्षात घ्यावे.

शेवटची सूचना कागदपत्रांची, आणि आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची. मेक्सिकोची सीमा माहिती केंद्रापासून पाचच मैलांवर आहे. केंद्राला क्रिस एगल या वनरक्षकाचे नाव आहे. सीमा ओलांडून आलेल्या सशस्त्र गुन्हेगारांचा पाठलाग करताना 2002 मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर स्मारकाचा मोठा भाग 2014 पर्यंत लोकांना बंद होता. आज परिस्थिती निवळलेली असली तरी उत्तरेकडे परतताना सीमा पोलिसांची चौकी लागू शकते. सर्वांचे मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि आय-94 ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत हाताशी ठेवावी. छायाप्रतीवर किंवा मोबाइलमधल्या चित्रावर विसंबू नये. सीमेवरच्या ल्यूकव्हिल या ठाण्याच्या दिशेने जाताना वळण चुकले तर थेट सीमेच्या रांगेत जाऊन उभे राहाल, म्हणून केंद्राच्या दक्षिणेला विनाकारण जाऊ नये. आम्हांला परतताना थांबवले, तेव्हा अधिकाऱ्याने कुठून आलात असे विचारले. सासऱ्यांनी पासपोर्ट पुढे करत ‘आहो’ असे उत्तर दिले आणि सासूबाई मागून ‘काय हो?’ म्हणाल्या.