घरचा टोमॅटो

परवा दुपारी टोमॅटोच्या झाडांच्या बगलफुटी खुडून हात धुवायला गेले, तर बेसिनमध्ये साबणाचा फेस पिवळट हिरवा होऊन उतरू लागला. टोमॅटोच्या खोडापानांवरच्या बारीक लवेत एक चिकट द्रव असतो. तो बोटांना आधी हिरवा लागतो, वाळला की जवळजवळ काळा होतो आणि पाण्यात पुन्हा पिवळा सुटतो. हे ठाऊक असूनही मी हात धुण्याआधी बोटे नाकाशी नेतेच. उग्र, कडवट, किंचित रॉकेलच्या वळणावर जाणारा, तरीही हवाहवासा वाटणारा असा तो वास आहे. बाजारच्या टोमॅटोला तो नसतो, कारण तो फळाचा नव्हेच, झाडाचा आहे. फार तर देठाशी हिरवी चांदणी शिल्लक असेल, तर तिच्यात थोडा उरलेला सापडतो. त्यामुळे मंडईत सगळे जण टोमॅटो दाबून पाहतात, तेव्हा मी देठ हुंगत उभी असते. आमच्या भाजीवाल्या काकांनी एकदा न राहवून विचारले, ‘‘ताई, मोगरा आहे का तो?’’

हा वास मला पहिल्यांदा भेटला तो आजोळी, परसातल्या मोरीच्या तोंडाशी. तिथे भांडी घासली जात, खरकटे पाणी पाटाने अळवाकडे वाहत जाई आणि त्या वाटेवर कोणीही न लावता टोमॅटोची झाडे उगवत. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत गर बीला फळात असेपर्यंत रुजू देत नाही. तो धुऊन गेला की बी जागे होते. आमच्या मोरीच्या पाण्याने ते काम अनायासे केलेले असे. त्या झाडांना ना काठीचा आधार, ना खत; ती अळवावर खुशाल रेलून असत आणि त्यांना खाचा पडलेली, लहान, दात आंबवणारी फळे लागत. आजीच्या सोवळ्यात मात्र टोमॅटोला मज्जाव होता. एरवीच्या जेवणात कच्च्या टोमॅटोची दाण्याचे कूट आणि गूळ घातलेली भाजी तिच्या हातची खावी, पण नैवेद्याच्या ताटाच्या आसपास त्याने फिरकायचे नाही. अँडीजच्या डोंगरउतारांवरून निघून, मेक्सिकोत माणसाळून, पुढे युरोपात जाऊन पोर्तुगिजांबरोबर इकडे आलेले हे झाड परके खरेच. पण बटाटाही त्याच खंडातून आला आणि थेट उपासाच्या ताटात जाऊन बसला. हा न्याय कोणता, हे आजीला विचारण्याची घरात कोणाची छाती नव्हती.

पहिला लाल टोमॅटो कोणाचा, यावरून आम्हां भावंडांत चढाओढ असे आणि तो झाडावर लाल होईपर्यंत थांबण्याइतका विश्वास कोणाचा कोणावर नव्हता. म्हणून आम्ही ते हिरवेच तोडून तांदळात पुरून ठेवत असू. एका वर्षी नेमका सोवळ्याच्या तांदळांचा डबा हाताला लागला. आजीने मापटे आत घातले, ते कशाला तरी अडले, तिने चाचपून पाहिले आणि पिकून मऊ झालेला एक टोमॅटो वर काढून नुसताच आमच्यासमोर धरला. ती अक्षरही बोलली नाही. ते सगळे तांदूळ रोजच्या डब्यात रवाना झाले आणि त्या डब्याला त्या दिवसापासून कुलूप लागले.

आता गच्चीत कुंड्या आहेत, सुतळीचे आधार आहेत, शेणखत आहे आणि झाडांचे नखरेही आहेत. टोमॅटोचे फूल खाली मान घालून लटकते आणि त्याचे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते. साध्या मधमाशीला त्यातला पराग नीटसा काढता येत नाही. भुंगा मात्र फुलाला मिठी मारून लटकतो आणि पंख जवळजवळ न हलवता अंग थरथरवतो. त्याची गुणगुण अचानक वरच्या पट्टीत जाते आणि पराग झरतो. वाराही हे काम थोडेफार करतो, पण दोन इमारतींच्या मधल्या आमच्या गच्चीत वारा आणि भुंगा दोघेही मनाला येईल तेव्हा येतात. म्हणून ऊन चढल्यावर मी झुपक्यांच्या देठांना हलक्या टिचक्या मारत फिरते. काही जण फुलाला इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवतात म्हणे. काम चोख होत असेलही, पण मला ते पंचामृत मिक्सरमधून काढल्यासारखे वाटते.

माझे दुसरे खूळ फ्रिजविषयीचे. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांशी माझे फार काळ पटत नाही. थंडीत काही दिवस राहिला की त्याची गंधद्रव्ये तयार होणे मंदावते, आणि मग तो दिसायला ताठ, चवीला पाणीदार असा उरतो. आमच्याकडे टोमॅटो टोपलीत असतात, तेही एकमेकांना न टेकता. घरचा असेल तर तो काही दिवस नुसताच टोपलीत राहतो, कारण त्यावर सुरी चालवायला कोणी धजत नाही. आल्यागेल्याला तो दाखवला जातो, हातात दिला जातो आणि परत घेतला जातो.

जुलै 2023मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला, तेव्हा शेजारपाजारचे मला फार मान देऊ लागले. ‘‘तुमचं काय बाई, घरचेच टोमॅटो!’’ माझ्या गच्चीत तेव्हा एकही फळ नव्हते. पावसात करपा येतो, एप्रिल-मेच्या उकाड्यात फुले गळतात, आणि त्यातून एखादे फळ धरलेच तर तिशीच्या पुढच्या तापमानात त्याला लाल रंग धड चढत नाही, ते नारिंगीवरच थांबते. पुण्यात कुंडीतला टोमॅटो सप्टेंबरात लावावा आणि थंडीत खावा. म्हणजे बाजारात जेव्हा तो सहसा स्वस्त असतो, नेमका तेव्हाच.

पण झाडावर पुरता लाल होईपर्यंत थांबण्याची चैन मला परवडते, कारण माझ्या टोमॅटोला कोठे पोचायचे नसते. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून लांब जाणारा माल जेमतेम रंग धरू लागताच तोडावा लागतो, वीस-वीस किलोंच्या कॅरेटमध्ये भरावा लागतो. तो टणक आणि जाड सालीचा असतो म्हणून आपण नाके मुरडतो. भाव उद्या वाढेल, म्हणून त्या शेतकऱ्याला आजची तोडणी थांबवता येत नाही. ऑगस्ट 2021मध्ये किलोला दोन-तीन रुपये भाव मिळू लागला, तेव्हा नाशिक आणि औरंगाबाद भागांतल्या शेतकऱ्यांनी भरलेले कॅरेट रस्त्यावर रिकामे केले. त्या पैशांत तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नव्हते.