आधी पाच, मग सतरा

दीड महिन्याच्या लसीला हडपसरच्या आमच्या दवाखान्यात बाळंतिणींची रांग असते. तिथंच बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिंबरा प्रश्नावली विचारून घेतो. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांपुरते, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १३ किंवा वर गेली की डॉक्टरांकडे.

त्या दिवशी एकीला ५ आले. पण निम्मी उत्तरं सासूबाईंचीच. "कशाला रडेल ती? सव्वा महिना बाजेवरून उठू दिलं नाही. शेकशेगडी, अळिवाची खीर, सगळं वेळेवर." यातलं काहीच खोटं नव्हतं. बाळंतीण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बाळ रडलं, तिची मान वळली नाही.

"काकू, बाळाला लस देऊन आणता का? कार्डही भरून घ्या." दार लोटलं आणि पहिल्यापासून पुन्हा विचारलं.

सातवा प्रश्न झोपेचा. तो हमखास फसतो. 'झोप लागते का?' म्हटलं तर कुठलीही बाळंतीण नाहीच म्हणणार. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तेव्हा तरी डोळा लागतो का, असं विचारावं लागतं. "नाही. डोकं जड होतं, हातापायांची आग होते. नुसते विचार." 'उदास' शब्द तिच्या तोंडी आला नाही, आमच्याकडे क्वचितच येतो. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत अशा अवस्थेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्या सव्वा महिन्यासारखीच चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरात, लॅटिन अमेरिकेत ४० दिवस. मोकळं बोलायला जवळ कुणी नसेल तर त्या विश्रांतीचाही काच होतो.

ही तिची दुसरी मुलगी. गोव्यात २००२ साली छापलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याच्या मारहाणीबरोबर मुलगी होणंही कारणांत होतं.

बेरीज १७. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, उत्तर 'कधीकधी'. इथं बेरीज बघायची नसते. शून्याच्या वर काहीही आलं की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. बाळाबद्दल काही वाईट मनात येतं का, आवाज ऐकू येतात का, हेही विचारलं. नाही म्हणाली.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण त्यातूनही असाच थकवा येतो. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. ते दुधात फार कमी उतरतं, त्यामुळे अंगावर पाजणं चालूच. रात्रीबेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डामागे लिहून दिला.

तिला विचारूनच सासूबाईंना आत घेतलं. सलग पाच तास झोप हवी, म्हणजे रात्री दोनचं दूध काढून ठेवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी पाजायचं.

"मीच उठते," काकू म्हणाल्या. "पण वाटीचमच्यानं कसं पाजायचं, ते एकदा दाखवा."